इंजिन फिरेपर्यंतची पंगत

"ए शिरूरकर, सरळ धर की ती बादली! आमटी सांडली तर तुझं करिअर सांडलं म्हणून समज!"

दौंड स्टेशनचा फलाट, डोक्यावर भर दुपारचं ऊन, आणि अजून पुरती थांबलेलीही नसलेल्या गाडीबरोबर पळता पळता आप्पा टेंगले माझ्यावर ओरडत होते. त्यांच्या डोक्यावर पुरणपोळ्यांची पाटी, एका काखेत तुपाचा डबा, दुसऱ्या काखेत केळीची पानं आणि दातांत पापडांच्या पिशवीचा बंद. दातांत पिशवी धरून इतकं स्वच्छ ओरडणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मागून काकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, भाताचं पातेलं फडक्यात धरून तोंडातून अक्षर न काढता झपझप येत होत्या.

"एसीचा डबा फुडं गेला! पळा! भात गार हुतोय!"

गाडी थांबली. दारात आमचे प्लँट हेड त्रिवेदी साहेब उभे होते, बंडीवर, हात धुऊन तयार. आप्पा पायरीवर चढले ते थेट आत, आणि बघता बघता दोन बर्थच्या मधे पानं मांडली गेली. साहेब, मॅडम, साहेबांची दोन मुलं. शेजारच्या बर्थवरचे एक अनोळखी गृहस्थ नको नको म्हणत होते, त्यांनाही आप्पांनी वाढलं. का, तर "कुणाचा कोण असंल, सांगता येत न्हाई."

ज्यांनी जुनं दौंड पाहिलेलं नाही त्यांना हे थापाड्याचं बोलणं वाटेल, म्हणून सांगतो. पुण्याहून नगर-मनमाडकडं जाणारी गाडी दौंडात शिरली की तिचं तोंड उलट्या बाजूला व्हायचं. या टोकाचं इंजिन काढायचं, वळसा घालून आणायचं आणि त्या टोकाला जोडायचं. तेवढ्यात फलाटावर संसार मांडून उठता येत असे. दौंडातली घरोघरची माणसं गाडीतून जाणाऱ्या पाहुण्यांना डबा घेऊन पळायची. तिथली कित्येक मामेभावंडं एकमेकांना खिडकीच्या गजांतूनच ओळखतात. इंजिन फिरेपर्यंत मुलगी दाखवून, पसंत करून, पोहे खाऊन पाहुणे पुढं गेले, असंही मी ऐकलंय. आप्पांनी यात एकच सुधारणा केली. पाहुण्याच्या जागी साहेब बसवला.

त्या दिवशी त्रिवेदी साहेबांनी किती पोळ्या खाल्ल्या ते मी सांगत नाही, विश्वास बसणार नाही. काकूंच्या तुपाचा वास इंजिनापर्यंत गेला आणि ड्रायव्हर जोडणी सोडून मागं वळून बघत राहिला, एवढं मात्र खरं. शेवटी साहेबांनी ढेकर दिली, आप्पांनी खिशातून बडीशेप काढून पुढं केली, आणि साहेब म्हणाले, "बहुत बढ़िया, टेंगले. तुम्हारा कुछ करते हैं."

गाडी गेली. आप्पा रिकामी पाटी उलटी करून तिच्यावर बसले आणि मला म्हणाले, "ऐकलंस? कुछ करते हैं. म्हंजी झालं."

या एका वाक्यावर हा माणूस बारमाही जगला. दिवाळीला, होळीला, मुलांच्या सुट्टीला साहेब झाशीकडं गावी जायचे, दौंडात जेवायचे आणि हेच वाक्य टाकून जायचे. आप्पा ते वाक्य सणसवाडीला घेऊन यायचे आणि पुढच्या सणापर्यंत पुरवून वापरायचे.

सणसवाडीत आमची कंपनी. गाड्यांचे सुटे भाग बनवते. नाव सांगत नाही, कारण माझा पगार अजून तिथूनच येतो. आप्पा डिस्पॅचला सुपरवायझर, मी त्यांच्या हाताखाली. मी शिरूरहून कंपनीच्या बसने येई, म्हणून मी शिरूरकर; माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, शंका आहे. ते आठवडाभर तिथंच भाड्याच्या खोलीत राहायचे आणि सुट्टीला दौंडला जायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पेनांच्या मागं बडीशेपेची पुडी. पेनं दाखवायची, पुडी कामाची.

आप्पांना हवी होती एक खुर्ची. डिस्पॅचच्या शेडमधे मधोमध काचेची केबिन होती. आत असिस्टंट मॅनेजरची चाकाची खुर्ची. ती अधूनमधून रिकामी व्हायची, आणि दर वेळी तिच्यावर बाहेरून आणलेला कुणीतरी टायवाला बसायचा. तो कंटाळून गेला की दुसरा. खुर्ची रिकामी असली की आप्पा सकाळी आत जायचे, तिला एक गिरकी द्यायचे आणि बाहेर यायचे. कधी टेकायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तिला माझ्या हाताची सवय ऱ्हावी."

गंमत म्हणजे आप्पांना काम येत होतं. ही गोष्ट त्यांनी नोकरीभर लपवून ठेवली. "काम येतं असं कळलं की माणसाला कामालाच ठेवत्यात," असं त्यांचं म्हणणं. त्यांची अशी बरीच म्हणणी होती, आणि ती ते बसच्या रांगेत, कॅन्टीनमधे, मुतारीत, कुठंही सांगायचे. "साहेबाच्या फुडं चालू नये, मागं चालू नये. सावलीत चालावं, आन् ऊन फिरलं की बाजू बदलावी." किंवा, "साहेबाच्या घरातलं कुत्रं आजारी पडलं, तर डॉक्टरच्या आधी आपण पोचावं."

पण सगळ्यांत लाडकं म्हणणं वेगळं होतं. ते मला पहिल्यांदा कळलं ते एका ट्रकच्या वेळी. माल भरलेला ट्रक गेटातून बाहेर पडला आणि समोरच्याच टपरीपाशी पंक्चर होऊन बसला. त्रिवेदी साहेबांचा फोन आला, "टेंगले, ट्रक निकला?"

"निकला साहेब!" आप्पा उभं राहून म्हणाले. फोनवर बोलतानाही ते उभे राहत.

मी खिडकीतून ट्रककडं बोट दाखवलं. आप्पांनी माझं बोट धरून खाली केलं. "निघाला का विचारलं. पोचला का, असं विचारलं का? साहेब विचारंल तेवढंच सांगायचं. जास्तीचं सांगणारा हाय तिथंच ऱ्हातो."

हे ऐकायला माझ्याशेजारी कैलास उभा होता. मी ऐकलं आणि हसलो. कैलास हसला नाही. त्यानं मान डोलावली.

कैलास कासुर्डीचा. ट्रेनी म्हणून लागला आणि आप्पांच्या मागं लागला. बोलणं कमी, केस चापून बसवलेले, आणि मोबाईल हातात असा की जन्मताना सोबतच आला असावा. आप्पांना वाटलं, देवानं आपल्याला शिष्य धाडला. एका थंडीत आप्पांनी साहेबांना हुरडा खायला घालायचं ठरवलं. शेत कैलासच्या चुलत्याचं, बेत आप्पांचा. आगटीभोवती साहेब मांडी घालून बसले, आणि आप्पा निखाऱ्यातली ज्वारीची कणसं नुसत्या हातांनी चोळून दाणे काढत राहिले. तळहात लालभडक. साहेबांच्या मुलांना वाटलं ही काहीतरी जादू आहे, म्हणून ती "और एक, अंकल" म्हणत राहिली आणि आप्पा आणखी एक चोळत राहिले. दही, शेंगदाण्याची चटणी, गूळ, सगळं आप्पांनी जागेवर पुरवलं.

कैलासनं दिवसभरात एक काम केलं. खाऊन झाल्यावर साहेब उठायला गेले तर पायाला मुंग्या आलेल्या. ते डगमगले, तेवढ्यात कैलासचा हात त्यांच्या कोपराखाली होता. तो मघापासून तिथंच, मागं उभा होता. साहेबांनी वळून पाहिलं. "ये लड़का कौन है?"

"आपलाच हाय, साहेब!" आप्पा आगटीपलीकडून ओरडले.

परतताना त्यांच्या हातांना गाडीचा दरवाजा उघडता येईना. मी उघडून दिला. फोडांवर फुंकर घालत म्हणाले, "पोरगं तयार व्हणार बघ, शिरूरकर. माझ्या हातचं हाय."

आता एक गोष्ट सांगतो, ती हसत सांगता येत नाही. आप्पांच्या मुलीचा, शुभीचा साखरपुडा दौंडला घरीच होता. पाहुणे बारामतीकडचे, माणसं तोलामोलाची. तारीख आधीच ठरलेली. आणि दोन दिवस आधी कळलं, साहेब त्याच दुपारी गावी निघालेत.

"जरा चार-सा पोळ्या काढून देऊ," आप्पा काकूंना म्हणाले. चार-सहाची पाटी कशी झाली ते आप्पांनाच माहीत. मी गेलो तेव्हा दारात मांडव, आत भटजी, नवऱ्या मुलाच्या कपाळाला कुंकू, आणि मुलीचा बाप पाटी डोक्यावर घेऊन मागच्या दारानं स्टेशनकडं चाललेला. भटजींनी मुलीच्या वडिलांना पुढं बोलावलं. चुलते पुढं आले.

आप्पा परतले तेव्हा चेहरा उजळलेला. "कुछ करते हैं" पुन्हा मिळालं होतं. आणि आत पंगतीत पोळी कमी पडली होती. मुलाच्या मामाच्या पानात अर्धी वाढावी लागली. ज्याला आमच्याकडची पंगत माहीत आहे त्याला ही अर्धी पोळी केवढी असते ते सांगायला नको. मामा भरलं पान तसंच सोडून उठला आणि हात धुता धुता मोठ्यानं म्हणाला, "टेंगले पाव्हणं, तुमच्याकडं साहेब जेवतो, सोयरा बघत बसतो व्हय?"

लग्न मोडलं नाही. पण ती अर्धी पोळी शुभीला सासरी बरीच वर्षं वाढली गेली, असं काकूंच्या तोंडून एकदा निसटलं. आप्पा म्हणायचे, "एकदा खुर्ची मिळाली की त्याच मामाला केबिनीत बसवून चा पाजतो."

मग त्रिवेदी साहेबांचं स्वतःचंच वरच्या ऑफिसात जाणं ठरलं, आणि जाण्याआधी डिस्पॅचची खुर्ची भरून जाणार, असं ठरलं. बाहेरचा कुणी नको, आतलाच माणूस घेऊ, असंही साहेब म्हणाले. आप्पांच्या निवृत्तीला फार अवकाश उरला नव्हता. आता नाही तर कधीच नाही. साहेब गावी निघाले होते, सोबत कंपनीचे एक डायरेक्टर आणि त्यांचं कुटुंब. गावाहून परतले की नाव जाहीर.

आप्पांनी असा स्वयंपाक मांडला की दौंडातल्या निम्म्या गल्लीत त्या दिवशी चूल पेटली नाही, सगळे तव्यावरच्या वासावरच जेवले. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, मासवडी. मासवडीचं नाव ऐकून मागं एकदा मॅडमनी पाय वर घेतले होते. हा बेसनाचा पदार्थ आहे हे पटवायला आप्पांना अर्ध्या वड्या स्वतः खाऊन दाखवाव्या लागल्या होत्या. तरी मासवडी हवीच. साहेबांना आवडते.

पोळ्या लाटता लाटता काकू म्हणाल्या, "गाड्या आता कॉर्डनं जात्यात म्हणं."

झालं असं होतं, की दौंडच्या बाहेरून नवा रूळ टाकला होता. त्याला कॉर्ड लाईन म्हणतात. मनमाडकडच्या गाड्या एकेक करून त्या रुळावरनं बाहेरच्या बाहेर वळू लागल्या होत्या. तिकडंच एक छोटं स्टेशन बांधलं होतं. गाडी जरा थांबायची आणि सुटायची. इंजिन फिरवायची भानगडच संपली होती.

आप्पा काकूंवर उसळले. "मालगाड्या जात्यात! मोठी गाडी दौंड जंक्शन सोडून जाती व्हय? माझ्या बापानं हितं पॉइंट ओढलेत. मला नको सांगू." आप्पांचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. दौंडला गाडी थांबते की नाही हे कुणाला विचारणं म्हणजे स्वतःच्या बापाचं नाव विचारण्यासारखं. मागच्या दिवाळीला तर हीच गाडी जंक्शनात उभी राहिली होती, आणि आप्पांनी वाढलं होतं.

साहेबांची तिकिटं आप्पांनी कैलासकडूनच काढून घेतली होती. सामान घेऊन पुण्याला जायचं आणि सगळ्यांना गाडीत बसवून द्यायचं, हे कामही कैलासकडं. फलाटावर पाट्या मांडून झाल्यावर आप्पांनी त्याला फोन लावला. माझ्या देखत, स्पीकरवर.

"कैलास, गाडी टायमात हाय का रं?"

"टायमात हाय, आप्पा."

मागं गाडीची खडखड ऐकू येत होती. आप्पांनी मला डोळा मारला. "बघ, आतच बसलाय. साहेबांना एकटं सोडलं न्हाई पठ्ठ्यानं. आपलं शिक्षण हाय."

वेळ झाली. गाडी आली नाही. आप्पांनी शर्ट झटकला, केळीची पानं पुसली. आणखी वेळ गेला. दुसऱ्याच कुठल्या गाडीची घोषणा झाली. शेवटी समोरचा चहावाला, जो आप्पांना लहानपणापासून ओळखत होता, किटली खाली ठेवून जवळ आला.

"आप्पा, कुणाची वाट बघताय? झाशीची? ती आता कॉर्डनं जाती. मघाशीच गेली."

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, मग रुळाकडं पाहिलं. इंजिन ज्या टोकाला जोडायचे तिकडं पाहिलं. मग ते उठले आणि पानं मांडायला लागले. हमाल, चहावाला, झाडूवाल्या बायका, पुढच्या गाडीची वाट बघणारे दोन फौजी, सगळ्यांना बसवलं आणि स्वतः वाढलं. आग्रह करकरून वाढलं. "घ्या साहेब, अजून एक. साहेब, तूप." एका म्हाताऱ्या हमालाला पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हणत होतं, तो साहेब कोण आला म्हणून मागं वळून बघत होता. फलाटावरच्या कुत्र्यांनी त्यानंतर महिनाभर वडापावला तोंड लावलं नाही.

तरीही पोळ्या उरल्या. थप्पीच्या थप्पी. काकू पाटीवर फडकं झाकत होत्या. त्या दिवसातलं दुसरं वाक्य त्या तेव्हा बोलल्या.

"शुभीच्या साखरपुड्याला हव्या हुत्या एवढ्या."

पुढचं मला साहेबांकडूनच कळलं, म्हणजे आम्हा सगळ्यांनाच कळलं. परतल्यावर त्यांनी भर मीटिंगमधे किस्सा सांगितला. कैलास पुण्याला उतरलाच नव्हता. नगरपर्यंतचं तिकीट त्यानं स्वतःसाठीही काढलं होतं. कॉर्डवरच्या छोट्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा साहेबांनी विचारलं, टेंगले नहीं आया? कैलास म्हणाला, "सर, वो जंक्शन पर खड़े हैं." डायरेक्टरला हसू आवरेना. म्हणाले, "जिसको यही पता नहीं कि गाड़ी कहाँ रुकती है, वो डिस्पैच क्या चलाएगा?" मीटिंगही हसली. आप्पाही हसले, सगळ्यांच्या नंतर, थोडं जास्त वेळ.

खुर्ची कैलासला मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा त्याला साहेब म्हणू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी केबिनीवरून जाताना त्यांचे हात दोन्ही खिशांत असायचे. मीच एकदा चिडून म्हणालो, "आप्पा, त्याला जाब तरी विचारा." तर म्हणाले, "कशाचा? पोरगं तयार झालं. शिकिवलेलं इसरला न्हाई." आणि बडीशेपेची पुडी माझ्यापुढं केली. साहेबांसाठीची पुडी माझ्यापुढं आली, तेव्हाच मी समजलो की आप्पा संपले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. कैलासनं भाषण केलं. "मी आज जो काही आहे तो आप्पांमुळं." टाळ्या पडल्या. असं शंभर टक्के खरं भाषण आमच्या कंपनीत त्याआधी झालं नव्हतं.

जीप सुटायला अवकाश होता. आप्पांनी कापडी पिशवीतून डबा काढला आणि केबिनीच्या काचेपाशी जाऊन उभे राहिले. कैलास आत फोनवर होता. त्यानं आप्पांना पाहिलं आणि बोट वर केलं, थांबा. आप्पा थांबले. खांद्यावर शाल, काखेत नारळ, एका हातात डबा. दुसरा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडं गेला आणि पेनांच्या मागं चाचपडत राहिला. आत ती खुर्ची फोनच्या बोलण्याबरोबर थोडी इकडं, थोडी तिकडं वळत होती. मग त्यांना आत घेतलं. ते डबा टेबलावर ठेवून, दोन्ही हात जोडून, पाठ न दाखवता बाहेर आले. दौंडकडं जाणाऱ्या जीपमधे मागच्या बाकावर बसले. मी हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. मांडीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

मी तडक केबिनीत गेलो. डबा उघडलेला होता. काकूंच्या पोळीचा वास सगळ्या शेडमधे पसरला होता.

"कैलास साहेब," मी म्हणालो, "एक विचारू? गाडी जंक्शनात जात नाही, हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं ना? आप्पांचा फोन आला तेव्हा?"

कैलासनं पोळीची घडी केली, तुपात बुडवली, खाल्ली आणि रुमालानं बोटं पुसली.

"आप्पांनी टायमात हाय का विचारलं. कुठं थांबती, ते न्हाई विचारलं."